चेन पडणं वेगळं, दगड लागणं वेगळं: एका हार्डटेलचं प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या बिल्डिंगमधला इंजिनिअरिंगचा एक पोरगा सायकल ढकलत आमच्या पार्किंगमध्ये आला आणि म्हणाला, "काका, चेन गाइड बसवून द्या." काय होतंय ते सांगायच्या आधी थेट औषधाचं नाव. मी चिंचवडला टूलरूममध्ये आयुष्य काढलं, आता पार्किंगच्या कोपऱ्यात एक व्हाइस आणि दोन ट्रॉल्या हत्यारं एवढाच पसारा आहे. पण तिथली एक सवय सुटलेली नाही: आधी जॉबवरच्या खुणा बघायच्या, माणसाला नंतर विचारायचं.

सायकल साडेसत्तावीस इंची चाकांची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली अ‍ॅल्युमिनियम हार्डटेल. पुढे १०० मिमीपर्यंत दबणारा फोर्क, मागच्या चाकावर ११ ते ३२ दात्यांच्या आठ चकत्यांची कॅसेट, पुढे पेडलांपाशी ४२-३४-२४ दात्यांच्या तीन चेनरिंगा. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा आणि ताणून धरणारा भाग, साधा; चेन उडू न देणारा क्लच नसलेला. आपल्याकडे बाजारात मधल्या किमतीला जी माउंटन बाईक मिळते, तीच.

स्टँडवर चढवून क्रँक हळूहळू फिरवली. ४२ च्या रिंगचे पाच दाते आतल्या बाजूला वाकलेले, आणि पाचही ओळीने, एकाच ठिकाणचे. उजवं पेडल पुढे आणि दोन्ही पेडलं जमिनीला समांतर ठेवली की ते पाच दाते बरोबर तळाला येत होते. म्हणजे मार बसला तेव्हा पोरगा पेडल मारत नव्हता. उतारावर दोन्ही पायांवर उभा राहून सायकल सोडली होती आणि खालून दगड लागला होता. हा झाला एक आजार.

दुसऱ्याच्या खुणा आतल्या बाजूला होत्या. उजव्या चेनस्टेचा (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) रंग बीबीजवळ (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा दांडा फिरतो ती जागा) बोटभर लांबीत खरवडलेला, खाली अ‍ॅल्युमिनियम चमकत होतं. बीबीच्या नळीवरही चेनचे ओरखडे. चेन २४ च्या रिंगवरून आत पडायची, आणि ती पडलेली न कळता पोराने पेडल मारलं की रिंग आणि चेनस्टे यांच्यामध्ये अडकायची. विचारल्यावर त्याने तेच सांगितलं: "उतारावर खडखड होते, मग खाली सपाटीला पेडल मारलं की कर्रर्र करून लॉक होतं." एका फेरीत तीन-चार वेळा.

त्याच्या डोक्यात हे दोन्ही एकच होतं. दगड लागतो म्हणून चेन पडते, गाइड बसवलं की दोन्ही थांबेल. गाइड आणि बॅश गार्ड बऱ्याचदा एकाच खोक्यात विकले जातात, त्यामुळे हा गोंधळ सगळीकडे आहे. गाइडचं काम चेनला जागेवर धरायचं: वरचा भाग चेन रिंगवर चढते तिथे, खालचा भाग ती रिंग सोडते तिथे. बॅशचं काम दगडाचा मार स्वतः खायचं. चांगलं गाइड दाते वाचवत नाही आणि नुसता बॅश चेन आत पडण्यापासून वाचवत नाही.

आता इथला दगड कसला, तेही बघू. पुण्याच्या टेकड्या काळ्या बसाल्टच्या. लाव्हाचे आडवे थर एकावर एक बसलेले, कडा झिजून पायऱ्या पडलेल्या. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय, तो उगाच नाही. गोल गोट्यांवरून सायकल घरंगळत जाते. पायरीवर मात्र पुढचं चाक खाली उतरतं, मागचं अजून वर असतं, आणि कडा नेमकी पोटाखाली येते. या सायकलचं बीबीचं केंद्र जमिनीपासून ३० सेंमी. ४२ च्या रिंगची त्रिज्या साडेआठ सेंमी, दात्याच्या टोकापर्यंत पावणेनऊ धरा. खाली उरले २१ सेंमी. त्यात पुढचं चाक आपटून फोर्क ६ सेंमी दबला की बीबी आणखी दोन-सव्वादोन सेंमी खाली येते. अर्ध्या मीटरची पायरी हळू उतरायला गेलं की रिंग कडेला टेकणारच. पोरगा चुकीचं चालवत नव्हता, भूमितीच आड येत होती.

तर इथे पहिल्या दिवशी मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. ते मी केलं नाही. कारण पोराने बॅगेतून खोकं काढलं. ऑनलाइन मागवलेलं गाइड आधीच हातात होतं: बीबीच्या कपाखाली (बेअरिंग धरणारा, आट्याने बसणारा कप) दाबून बसवायची एक प्लेट, तिच्यावर खालच्या बाजूला रोलर, आणि रिंगच्या खाली अर्धगोल प्लॅस्टिकचा बॅश. दिसायला छान. "पैसे गेलेत काका, बसवून तरी बघू." बसवून बघू म्हटलं.

पहिली अडचण तिथेच आली. त्याच्या क्रँकच्या तिन्ही रिंगा रिव्हेट मारून जोडलेल्या होत्या. बॅशला जागा करायला ४२ ची काढायची तर रिव्हेट फोडायला लागणार आणि मग उरलेल्या दोन्ही हातात येणार. स्वस्त क्रँकमध्ये हे सर्रास असतं, बॅश विकत घेण्याआधी तिथे बोल्ट आहेत की रिव्हेट एवढं वाकून बघावं. ओळखीतल्या एकाने एक रिंगवाली सायकल केली होती, त्याची शिमानोची जुनी होलोटेक क्रँक बीबीसकट पडून होती. ४४-३२-२२, बोल्टच्या रिंगा, बाहेरच्या दोन १०४ मिमीच्या बोल्ट-वर्तुळावर. ती घेतली. ४४ ची रिंग काढून टाकली, ३२ आणि २२ ठेवल्या.

एकच रिंग का ठेवली नाही, असं कोणीतरी विचारेल. या पोराला टेकडी चढायचीही असते आणि वर्षातून दोनदा मित्रांबरोबर सिंहगडही. मागे मोठं स्प्रॉकेट ३२ चंच. पुढे फक्त ३२ ठेवली तर सगळ्यात हलका गिअर एकास एक. पूर्वी त्याच्याकडे २४ ला ३२ होता, चढाला त्याहून हलका. मोठी कॅसेट, तिला झेपणारा डिरेलर, मग क्लचवाला, मग शिफ्टर... तो रस्ता सायकलच्या किमतीच्या निम्म्यावर जाऊन थांबतो.

प्लेट बसवणं सोपं होतं. बीबीची नळी ६८ मिमी रुंद, त्यावर होलोटेकचे अडीच-अडीच मिमीचे तीन स्पेसर असतात, उजवीकडे दोन आणि डावीकडे एक. प्लेट अडीच मिमीची, म्हणून उजवीकडचा एक स्पेसर काढून त्या जागी ती. चेनलाइन हलली नाही, म्हणजे रिंगा आत-बाहेर सरकल्या नाहीत. उजवा कप उलट्या आट्याचा, तो घड्याळाच्या विरुद्ध दिशेने घट्ट केला. रोलर चेनला जेमतेम टेकवला. पोरगा खूश होऊन गेला.

तिसऱ्या रविवारी परत आला. दोन पाऊस झाले होते. रोलर फिरतच नव्हता, मुरमाचा चिखल रोलर आणि प्लेटच्या फटीत ठासून बसून वाळला होता. न फिरणाऱ्या रोलरवर चेन घासून घासून तो एका बाजूला सपाट झाला होता. हे एक वेळ चालवून घेतलं असतं. पण सगळी प्लेटच जागेवरून फिरली होती. रोलर वर जाऊन चेनस्टेला टेकला होता, आणि क्रँक हलवली की बीबीतून कट् कट् आवाज. उजवा कप अर्धा आटा सैल.

हे का झालं ते मी तिथेच खडूने फरशीवर काढून दाखवलं. चांगल्या ट्रेल आणि डाउनहिल फ्रेमवर बीबीच्या नळीभोवती आट्याच्या भोकांचे तीन कान वेल्ड केलेले असतात. आयएससीजी आणि आयएससीजी ०५ ही त्यांची दोन मापं, ०५ चं वर्तुळ मोठं, एकाची प्लेट दुसऱ्याला बसत नाही. त्या कानांवर तीन बोल्टनी बसवलेली प्लेट दगडावर आपटली तर मार फ्रेममध्ये जातो आणि प्लेट फिरू शकत नाही. याच्या फ्रेमला कान नव्हते. इथे प्लेट धरून ठेवायला होतं काय, तर कपाखालचं घर्षण. कप ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. बॅशचं टोक बीबीच्या केंद्रापासून सात सेंमीवर, त्याच्यावर माणूस आणि सायकल मिळून ८५ किलोंचा भार आडवा बसला की साठ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पडतो. आपटताना तर जास्तच. हिशेब ढोबळ आहे, पण घर्षण हरणार हे कळायला पुरेसा आहे.

त्याहून वाईट म्हणजे दिशा. सायकल पुढे जाते, दगड बॅशचं टोक मागे ढकलतो. उजव्या बाजूने बघितलं तर प्लेट घड्याळाच्या दिशेने फिरते. आणि उलट्या आट्याचा उजवा कप नेमका त्याच दिशेने सैल होतो. प्रत्येक दगड कप उघडायला मदत करत होता. तीस वर्षं आटे कापलेल्या माणसाच्या हे बसवताना लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, खोक्यातल्या चकचकीत प्लेटकडे बघत बसलो.

मग प्लेट काढून ठेवली आणि पहिल्या दिवसापासून मनात होतं ते केलं.

बॅश क्रँकवर. ४४ च्या रिंगच्या जागी, त्याच चार बोल्टांवर, ३२-३४ दात्यांसाठीची गोल बॅश रिंग. व्यास मोजला, १४६ मिमी. ३२ च्या रिंगची त्रिज्या साडेसहा सेंमी, तिच्यावर चेन चढली की आणखी चारेक मिमी, म्हणजे सगळं मिळून सात सेंमीच्या आत. बॅशची त्रिज्या ७३ मिमी. चेनच्या बाहेर तीन-चार मिमी बॅश पुढे येतो, दगड आधी त्याला लागतो. आणि जुन्या ४२ च्या दात्यांपेक्षा पोटाखालची जागा जवळपास दीड सेंमीने वाढली. हा फायदा लोक मोजतच नाहीत. ४४ च्या जुन्या रिंगचे दाते ग्राइंडरने उडवून फुकटचा बॅश करायचा जुना जुगाड आहे, पोराने व्हिडिओही दाखवला. होतो तो, मजबूतही होतो. पण दाते उडवूनही त्रिज्या साडेआठ सेंमीच्या वरच राहते. या सायकलला पोटाखालची जागा हवी होती, म्हणून नको म्हटलं.

प्लॅस्टिक की अ‍ॅल्युमिनियम? पॉलिकार्बोनेटचा बॅश हलका, दगडावरून घसरतो छान, आवाजही कमी. पण बसाल्टची कडा धारदार असते, आणि प्लॅस्टिक बोल्टच्या भोकापाशी तडकलेलं मी दोनदा बघितलंय. कोकणातल्या जांभ्यावर तर ते किसणीवर धरल्यासारखं होतं. अ‍ॅल्युमिनियमला बर (वर आलेली धारदार कड) येते, ती कानशीने दोन मिनिटांत निघते. अ‍ॅल्युमिनियम घेतला. बॅश रिंगपेक्षा जाड असल्यामुळे जुने बोल्ट आखूड पडले, लांब बोल्ट आणावे लागले. दोन आटे धरलेल्या बोल्टवर बॅश सोडून देऊ नये.

क्रँकवरच्या बॅशला एक खोट आहे, तीही सांगतो. दगडाने बॅशचं तळ मागे ढकललं की क्रँक पेडल मारल्यासारखी पुढे फिरू बघते. चेन ताणते आणि धक्का मागच्या चाकातल्या फ्रीहबच्या कुत्र्यांपर्यंत (एकाच दिशेने पकडणारे खटके) जातो, पायालाही जाणवतो. फ्रेमच्या कानांवरचा बॅश यापासून वाचवतो. ज्याच्या फ्रेमला कान आहेत त्याने ते वापरावेत. कान नसताना बीबीवर मार घेण्यापेक्षा चेनवर घेतलेला बरा. चेन दहा मिनिटांत बदलता येते.

आता चेन पडण्याचं. इथे सगळ्यात जास्त फरक पाडलेल्या गोष्टीला एक पैसाही लागला नाही. जुनी चेन १०८ कड्यांची होती, ४२ आणि ३२ या मोठ्या जोडीला पुरावी अशी. आता पुढे सगळ्यात मोठी रिंग ३२ ची. चेन रिंगच्या अर्ध्या घेराला वेढते, तेव्हा पुढचे १० दाते गेले की ५ कड्या फाजील होतात. कड्या जोडीनेच काढता येतात, म्हणून ४. पहिल्या वेळी मी हे केलंच नव्हतं, रोलर सांभाळेल म्हणून सोडून दिलं. लांब चेन म्हणजे डिरेलरची स्प्रिंग आधीच सैल, उतारावर चेन पट्ट्यासारखी वरखाली उडणार. तसंही चेन बदलायचीच होती: पोलादी पट्टी लावली तर २४ कड्यांना १२ इंच भरायला हवेत, हिला अर्धा सूत जास्त भरत होता. नवीन चेन मोठ्या जोडीवर घालून बघितली आणि १०४ वर कापली. डिरेलरचा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा हात) कसा पुढे ताणून उभा राहिला ते पोरालाही दिसलं.

पुढचा डिरेलर ठेवला. बॅशच्या वर दोन-तीन मिमी राहतील इतका सीट ट्यूबवर खाली सरकवला आणि बाहेरच्या हद्दीचा स्क्रू आवळून त्याला ३२ च्या पुढे जाऊच दिलं नाही. त्याचा पिंजरा हेच आता वरचं गाइड. बाहेरच्या बाजूला बॅशची भिंत आहे, चेन तिकडे पडू शकत नाही. राहिली आतली बाजू. तिथे सीट ट्यूबला चिमट्याने बसणारा प्लॅस्टिकचा छोटा चेन कॅचर लावला, २२ वरच्या चेनपासून दीड मिमीवर. खालचा रोलर परत लावला नाही.

नव्या महागड्या सायकलींवर हे फारसं दिसत नाही, त्यामुळे पोराला वाटत होतं की आपण जुन्या काळातलं काहीतरी करतोय. अर्धं खरं आहे. शिमानोने २०११ मध्ये एक्सटीआर या महागड्या गिअर-संचात क्लचवाला डिरेलर आणला, स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये एक्सएक्स १ या संचाबरोबर एक जाड एक बारीक अशा दात्यांची रिंग आणली, आणि त्या दोघांनी मिळून बहुतेकांच्या सायकलीवरचा रोलर घालवला. पण ते क्लच आणि दाते एकत्र असताना. आठ गिअरच्या चेनची आतली रुंदी २.३८ मिमी, नऊ ते अकरा गिअरच्या चेनची २.१८. जाड दाता अरुंद चेनमध्ये घट्ट बसतो, रुंद चेनमध्ये तेवढा नाही. क्लच नसलेल्या आठ गिअरवर नुसती तशी रिंग टाकून चेन पडायची थांबली नाही, अशा दोन सायकली माझ्याकडे येऊन गेल्यात.

पोराचा आणखी एक प्रश्न होता: मग चेन तुटली तर? तुटली तर कुठलंही गाइड उपयोगाचं नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगच्या डाउनहिल विश्वचषकात अ‍ॅरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि तो चेनशिवाय जिंकला. पोरगा ऐकून हसला, म्हणाला, "म्हणजे चेनच काढून टाकू." टेकडी चढवणार कोण, हे मी विचारलं नाही.

पावसाळाभर तो जात राहिला. दर फेरीनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एकच शब्द पाठवायचा: पडली, नाही पडली. जुलै ते ऑक्टोबर दोनदा पडली. एकदा चिखलात उलटं पेडल मारल्यामुळे. दुसरी माझी चूक: कॅचर बसवताना सीट ट्यूबवरचं तेल पुसायचं राहिलं होतं, तो सेंटिमीटरभर खाली घसरला आणि चेन त्याच्या वरून आत गेली. स्पिरिटने पुसून, खाली ट्यूबच्या रबराची पट्टी घालून पुन्हा आवळला.

दिवाळीच्या सुट्टीत सायकल धुऊन आणली. बॅश उतरवून हातात घेतला. ३२ आणि २२ चे दाते सरळ होते, चेनची एकही कडी अडत नव्हती. बीबी गप्प. बॅशच्या कडेवर मात्र खोल खाचा होत्या, एक तर नखाएवढी, आणि सगळ्या मिळून तळहाताच्या रुंदीत. उरलेला घेर जवळजवळ कोरा. जूनमध्ये वाकलेल्या पाच दात्यांची हीच जागा: उजवा पाय पुढे, पेडलं समांतर. पोराला दाखवलं. तो म्हणाला, "दुसरा पाय पुढे ठेवून उतरताच येत नाही मला."

कानस मारून बर काढली, बॅश एक भोक पुढे फिरवला, आणि चारही बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले. अजून तीन बाजू कोऱ्या आहेत.